हिमालयाखालचा समुद्र

प्रश्न विचारणाऱ्या मुलाला उभें करून ठेवण्याची शिक्षा मीं माझ्या शिक्षकीच्या काळांत फार वेळां केली असेन असें नाहीं. परंतु एकदां केली, आणि ती अन्यायाची होती, हें आतां साठी उलटल्यावर कबूल करावेंसें वाटतें. वर्ग पांचवीचा होता. भिंतीवर आशियाचा नकाशा टांगला होता. "जगांतील सर्वांत उंच शिखर एव्हरेस्ट, समुद्रसपाटीपासून त्याची उंची ८८४८ मीटर," हें वाक्य मीं मुलांकडून तीनदां म्हणवून घेतलें. चौथ्या वेळीं मागच्या बांकावरचा एक किडकिडीत मुलगा उठला. त्याचा बाप गवंडी होता. तो म्हणाला, "गुरुजी, तिथें समुद्र कुठें आहे? कोणत्या समुद्रापासून मोजली?" वर्ग हंसला. मला वाटलें, पोर टवाळी करीत आहे. "नेपाळांत समुद्र नसतो एवढें तुला कळतें ना? मग तास संपेपर्यंत उभा राहा," असें म्हणून मीं धडा पुढें चालविला.

खरी गोष्ट अशी कीं, उत्तर मलाच ठाऊक नव्हतें. माझें शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें जें कांहीं शिकलों तें संस्कृतांत. भूगोल माझ्या गळ्यांत पडला तो त्या विषयाचे शिक्षक बदलून गेल्यामुळें. पुस्तकांत होतें तें मीं शिकविलें, आणि पुस्तकांत त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. पुढें ८ डिसेंबर २०२० रोजीं नेपाळ व चीन या दोन देशांनीं मिळून त्या शिखराची नवी उंची जाहीर केली : ८८४८.८६ मीटर. वर्तमानपत्रांतील ती बातमी वाचतांना तो मुलगा एकाएकीं डोळ्यांपुढें उभा राहिला. समुद्र शेंकडों मैल दूर असतां हे लोक उंचीचे शेवटचे आंकडे सेंटिमीटरापर्यंत कसे सांगतात? माझ्या पुतण्याचा मुलगा स्थापत्य अभियांत्रिकी शिकतो. त्याला विचारलें, त्यानें पुस्तकें आणून दिलीं, आणि दोन हिवाळे मीं त्यांत घालविले. जें समजलें तें या लेखांत मांडीत आहें. गणित मीं टाळलें आहे. पण विचार टाळलेला नाहीं, म्हणून वाचकांनीं, विशेषतः घरांतील शाळकरी मुलांनीं, थोडा धीर धरावा.

गवंड्याच्या मुलानें हा प्रश्न विचारावा यांत वस्तुतः कांहींच नवल नव्हतें. गवंड्याजवळ दोन साधनें असतात : एक ओळंबा आणि दुसरी पाणसळ. ओळंबा 'खालीं' म्हणजे कोणीकडे तें सांगतो, आणि पाणसळ 'सपाट' म्हणजे काय तें सांगते. हीं दोन साधनें निराळीं दिसलीं तरी त्यांचा धनी एकच, तो म्हणजे पृथ्वीचें आकर्षण. ओळंब्याच्या दोरीशीं जें पृष्ठ काटकोन करतें तेंच सपाट. स्थिर पाणी आपलें पृष्ठ त्याच नियमानें ठेवितें. यावरून एक गोष्ट निघते, ती पुढील सर्व लेखाचें मूळ आहे : ओळंबा जर कोठें तिरपा झाला, तर तेथलें पाणीहि तितकेंच तिरपें होईल, आणि तरीसुद्धां तें 'सपाट'च म्हणावें लागेल.

ओळंबा तिरपा होतो काय? होतो, आणि ही गोष्ट विशेष लक्षांत आली ती आपल्याच देशांत. विल्यम लँबटन या इंग्रज अधिकाऱ्यानें १८०२ सालीं मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. (हा लँबटन १८२३ सालीं, काम चालू असतांनाच, आपल्या वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें वारला. त्याचें थडगें तेथें आहे. पण त्या गांवचीं किती मुलें तें कोणाचें म्हणून सांगूं शकतील, कोण जाणे!) त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्ट यानें ती मोजणी हिमालयाच्या पायथ्याकडे नेली. मध्य हिंदुस्थानांतील कल्याणपूर आणि मुजफ्फरनगरजवळील कलियाना या दोन ठाण्यांमधील अंतर दोन रीतींनीं काढलें गेलें : एकदां जमिनीवरील त्रिकोणांवरून, आणि एकदां ताऱ्यांच्या वेधांवरून. दोन्ही उत्तरें एकच यावयास हवीं होतीं. आलीं नाहींत. फरक ५.२३६ विकलांचा पडला. जमिनीवर हा फरक सुमारें १६० मीटर होतो. सहाशें किलोमीटरांत दीडशें मीटर म्हणजे कांहींच नाहीं असें आपणांस वाटेल. पण जे लोक पायारेषा इंचाच्या अंशापर्यंत मोजीत त्यांच्या दृष्टीनें ही मोठीच नामुष्की होती.

ताऱ्यांचे वेध घेतांना 'खालीं' कोणतें हें ओळंब्यावरून ठरवावें लागतें. कलियानाचा ओळंबा हिमालयानें आपल्याकडे ओढला असावा असा तर्क निघाला. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट हे धर्मोपदेशक असून मोठे गणितीहि होते. त्यांनीं हिमालयाचें आकारमान धरून हिशेब केला, आणि १८५५ सालीं जें उत्तर प्रसिद्ध केलें तें अधिकच बुचकळ्यांत टाकणारें होतें. हिमालयानें ओळंबा ओढावयास पाहिजे होता जवळजवळ सोळा विकला. प्रत्यक्ष ओढला सवापांचच! म्हणजे चोर सांपडला, पण चोरीचा माल जितका जावयास हवा होता तितका गेलेलाच नव्हता. त्याच वर्षीं ब्रिटनचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनीं याचा उलगडा सुचविला. पर्वत हे जमिनीवर ठेवलेले ढीग नसून पाण्यांत तरंगणाऱ्या ओंडक्यांसारखे आहेत. ओंडका जितका जाड तितका तो पाण्याखालींहि अधिक बुडालेला असतो. हिमालयाखालीं हलक्या खडकाचें खोल मूळ आहे, आणि त्या ठिकाणीं जें जड द्रव्य असावयास हवें होतें तें बाजूस सारलें गेल्यामुळें पर्वताचें आकर्षण बरेंचसें फिटून जातें. प्रॅट यांनीं पुढें याहून निराळी उपपत्ति मांडली. तो वाद मोठा आहे. येथें त्यांत शिरत नाहीं.

या आकर्षणाचें माप घेण्यासाठीं माणसांनीं काय सोसलें याचें एकच उदाहरण सांगतों. जेम्स बसेव्ही नांवाचा अधिकारी लंबक घेऊन हिंदुस्थानभर हिंडला. आकर्षण कमी असेल तेथें लंबक सावकाश हालतो, अधिक असेल तेथें लगबगीनें. म्हणून लंबकाचीं आंदोलनें मोजलीं कीं त्या जागेचें आकर्षण कळतें. पर्वतावरचें आकर्षण किती हें कळावें म्हणून तो लडाखच्या उंच पठारांवर गेला, आणि तेथल्या थंडींत, विरळ हवेंत, १८७१ सालीं काम करीत असतांनाच मरण पावला. एका आंकड्यासाठीं एक आयुष्य! आपण मुलांना आंकडे पाठ करावयास सांगतों, तेव्हां हें कोणी सांगत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. समुद्राला भरती-ओहोटी, वारे, प्रवाह कांहीं नसते, आणि जमिनीखालून सर्वत्र अरुंद कालवे खणून समुद्राचें पाणी आंत सोडलें असतें, तर तें ज्या पातळीवर स्थिर झालें असतें ती पातळी म्हणजे 'समुद्रसपाटी'. हिमालयाखालींहि असा एक कल्पित समुद्र आहे. त्याच्यापासून शिखराची उंची मोजतात. शास्त्रज्ञ या पृष्ठाला 'जिऑइड' म्हणतात; आपण त्याला 'समपातळी' म्हणूं. ही समपातळी गुळगुळीत अंड्यासारखी नाहीं. जेथें पृथ्वीच्या पोटांत जड द्रव्य आहे तेथें ती फुगते, आणि जेथें द्रव्य उणें आहे तेथें खचते. पृथ्वीचा जो साधा, ध्रुवांकडे किंचित् चपटा असा गणिती गोल कल्पिला आहे, त्याच्या तुलनेनें न्यू गिनीकडे समपातळी सुमारें ८५ मीटर वर आहे, आणि श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागरांत सुमारें १०६ मीटर खालीं. सगळ्या पृथ्वीवरचा सर्वांत खोल खळगा तो हाच. तिकडून इकडे येणारें जहाज जवळजवळ १९० मीटर 'उतरतें', पण खलाशाला उतार लागत नाहीं, कारण ओळंबा आणि पाणी दोन्ही बरोबरच वांकलेलीं असतात. हा खळगा कां पडला याचा शोध चालूच आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील देबांजन पाल व आत्रेयी घोष यांनीं २०२३ सालीं त्याचा संबंध आफ्रिकेच्या खालून वर येणाऱ्या उष्ण, हलक्या द्रव्याशीं जोडला आहे.

या खळग्याच्या काठावर आपण मराठी लोक राहतों, हें मला माझ्या नातवानें दाखवून दिलें. त्याच्या महाविद्यालयाचें उपग्रहांवरून स्थान सांगणारें यंत्र घेऊन तो गिरगांव चौपाटीवर गेला होता. परत येऊन म्हणाला, "आजोबा, यंत्र म्हणतें, मी समुद्राच्या कांठावर उभा होतों तो उणे साठ मीटरांहूनहि खालीं होतों. म्हणजे मी बुडालोंच असलों पाहिजे!" आमच्या घरांतल्या बायकांनीं त्या यंत्राला बरेंच बोल लाविले. परंतु यंत्र खोटें बोलत नव्हतें. उपग्रह उंची मोजतो ती त्या गणिती गोलापासून. समुद्र कोठें आहे हें त्याला ठाऊकच नसतें. मुंबईजवळ समपातळी त्या गोलाच्या साठ-पासष्ट मीटर खालीं गेलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हां शिखरावर उपग्रहयंत्र नेऊन ठेवलें म्हणजे काम झालें असें नाहीं. शिखराच्या बरोबर खालीं समपातळी गणिती गोलापासून किती वर वा खालीं आहे हें निराळें काढावें लागतें. एव्हरेस्टखालीं ती पंचवीस-तीस मीटर खालीं आहे. तो आंकडा चुकला कीं उंची चुकली.

तो आंकडा काढावा कसा? पर्वताच्या पोटांत कोणी शिरूं शकत नाहीं. पण केंब्रिजचे गणिती जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनीं १८४९ सालीं असा सिद्धांत मांडला कीं, पृथ्वीच्या पृष्ठावर सर्वत्र आकर्षण किती आहे हें कळलें, तर समपातळीचा आकार गणितानें काढतां येतो. 'सर्वत्र' या शब्दांतच सगळी मेख आहे. जवळच्या मापांचा प्रभाव फार, दूरच्यांचा थोडा. पण दूरचीं मापें इतकीं असंख्य कीं तीं टाकून चालत नाहीं. कोणत्याहि एका साधनानें हें सर्व मिळत नाहीं. म्हणून अनेक साक्षीदार बोलावून त्यांच्या साक्षी जुळवाव्या लागतात. आमच्या न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, शब्द अशीं प्रमाणें सांगितलीं आहेत, आणि कोणतें प्रमाण कोठें बलवत्तर याचा काथ्याकूट शतकानुशतकें झाला आहे. आधुनिक भूमापनांतील हा भाग वाचतांना मला वारंवार त्याची आठवण झाली. (याच्या पुढें जाऊन 'हें सर्व आपल्या ग्रंथांत आधींच होतें' असें म्हणणाऱ्यांपैकीं मी नाहीं. भास्कराचार्यांनीं पृथ्वीच्या आकृष्टिशक्तीचा उल्लेख केला, हें भूषणच आहे. पण उल्लेख निराळा आणि मोजमाप निराळें.)

पहिला साक्षीदार आकाशांत. २००२ सालीं 'ग्रेस' नांवाचे जुळे उपग्रह सोडण्यांत आले. एकामागें एक, सुमारें २२० किलोमीटर अंतर ठेवून ते पृथ्वीभोंवतीं फिरत. पुढचा उपग्रह जड प्रदेशाजवळ येतांच थोडा पुढें ओढला जाई आणि दोघांमधलें अंतर किंचित् वाढे. मागचा तेथें पोंचला कीं तें पुन्हां कमी होई. हा केंसाहूनहि बारीक फरक सतत मोजून पृथ्वीच्या आकर्षणाचा नकाशा केला. (याच उपग्रहांवरून २००९ सालीं असें दाखवून दिलें गेलें कीं, राजस्थान, पंजाब व हरियाणा येथील जमिनीखालचें पाणी झपाट्यानें उपसलें जात आहे. पाण्यालाहि वजन आहे. तें गेलें कीं आकर्षण घटतें, आणि तें आकाशांतून दिसतें. विहिरीचा हिशेब कोणी लपवूं म्हणेल तर आतां सोय राहिली नाहीं.) 'ग्रेस'चें काम २०१७ सालीं संपलें, आणि २०१८ पासून दुसरी जोडी तेंच करूं लागली. २००९ ते २०१३ पर्यंत युरोपचा 'गोचे' हा उपग्रह केवळ अडीचशें-पावणेतीनशें किलोमीटरांवरून फिरला. त्याच्या पोटांत अत्यंत नाजूक अशा सहा मापकांच्या तीन जोड्या होत्या.

या साक्षीदाराचा गुण हा कीं, तो सगळी पृथ्वी एकाच नजरेनें पाहतो. देशांच्या सीमा त्याला नाहींत. दोष हा कीं, तो दूर आहे. गांवाबाहेरून मिरवणूक येत असली तर प्रथम काय ऐकूं येतें? ढोलाचे ठोके. सनईच्या ताना आणि झांजांची किणकिण मिरवणूक दाराशीं आल्याखेरीज कळत नाहीं. आकर्षणाचें तसेंच आहे. शेंकडों किलोमीटर रुंद असे मोठे चढउतार उपग्रहाला स्वच्छ कळतात. परंतु सुमारें शंभर किलोमीटरांहून लहान असा तपशील तेवढ्या उंचीवर पोंचेपर्यंत विरून जातो. एक सबंध डोंगररांग त्याला अस्पष्ट ठिपक्यासारखी.

दुसरा साक्षीदार जमिनीवरचा. लंबकाच्या जागीं आतां नाजूक स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचें यंत्र आलें आहे. गॅलिलिओच्या नांवावरून आकर्षणाच्या मापाला 'गॅल' म्हणतात. पृथ्वीचें आकर्षण विषुववृत्तावर सुमारें ९७८ गॅल, ध्रुवांवर ९८३. आणि हें यंत्र एका गॅलच्या हजाराव्या भागाचाहि शंभरावा अंश ओळखतें. यंत्र टेबलावरून जमिनीवर ठेवलें तरी आंकडा बदलतो, कारण तीन मीटर वर चढलें कीं आकर्षण सुमारें एक मिलिगॅलनें कमी होतें. येथें एक गंमतीचा पेंच आहे. उंची कळण्यासाठीं आकर्षण मोजावयाचें, आणि मोजलेलें आकर्षण कामास येण्यासाठीं त्या जागेची उंची आधीं ठाऊक असावयास हवी! आंधळा आणि पांगळा यांनीं एकमेकांना धरून चालावें तसें हें. उंची अंदाजानें धरून आकर्षण शुद्ध करावयाचें, मग त्यावरून उंची पुन्हां शुद्ध करावयाची.

जमिनीवरचा साक्षीदार फार बारकाईनें पाहतो, पण तो जेथें माणूस जाऊं शकतो तेथेंच असतो. हिमालयांत रस्ते दऱ्यांतून जातात. म्हणून मापें दऱ्यांतलींच पुष्कळ, आणि कडे, हिमनद्या, शिखरें मोकळीं. एखाद्या गांवची श्रीमंती केवळ हमरस्त्यावरील घरें पाहून ठरवावी, तसें होतें. शिवाय निरनिराळ्या देशांनीं निरनिराळ्या काळीं आपापल्या आधारांवरून मापें घेतलेलीं. सीमेवर तीं जुळत नाहींत, आणि नकाशावर एक खोटी पायरी उभी राहते.

ही पायरी किती महाग पडते याचा किस्सा युरोपांत घडला. स्वित्झर्लंड व जर्मनी यांच्या दरम्यान ऱ्हाईन नदीवर लाउफेनबुर्ग येथें पूल बांधीत असतां, २००३ सालीं असें आढळलें कीं दोन तीर एकमेकांना जुळत नाहींत. जर्मनी आपली उंची उत्तर समुद्रापासून मोजतो, स्वित्झर्लंड भूमध्य समुद्रापासून. दोहोंत २७ सेंटिमीटरांचा फरक. तो फरक कारागिरांना ठाऊक होता, त्यांनीं तो हिशेबांत धरलाहि. पण उलट्या बाजूनें! वजा करण्याऐवजीं मिळविला गेला, आणि पुलाच्या दोन टोकांत ५४ सेंटिमीटरांची तफावत पडली. माझ्या त्या विद्यार्थ्याचा 'कोणत्या समुद्रापासून?' हा प्रश्न तेथें कोणी वेळेवर नीट विचारला असता तर बरें झालें असतें.

तिसरा साक्षीदार विमानांतला. उपग्रह आणि जमीन यांच्यामधली पोकळी तो भरून काढतो. डोंगरदऱ्यांवरून तो सरळ रेघांनीं जातो. त्याला रस्ता लागत नाहीं. नेपाळवरून असें उड्डाण २०१० सालीं झालें. डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनीं नेपाळच्या मोजणी खात्याबरोबर तें पार पाडलें. अडचण ही कीं, विमान स्वतःच हेलकावे खातें, आणि ते हेलकावे मोजावयाच्या आकर्षणाहून कितीतरी पट मोठे असतात. उपग्रहांच्या साहाय्यानें विमानाची हालचाल क्षणोक्षणीं टिपून ती वजा करावी लागते. तेव्हां कोठें आकर्षण शिल्लक राहतें. पुन्हां तें माप विमानाच्या उंचीवरचें. तें खालीं जमिनीवर आणावयाचें म्हणजे मंद पुटपुटणें मोठें करून ऐकण्यासारखें आहे. आवाज वाढविला कीं खरखरहि वाढते. हें खालीं आणणें या शास्त्रांतील अत्यंत धोक्याचें काम मानतात.

समुद्रावर चौथा साक्षीदार आहे : रडारनें पाण्याचें पृष्ठ मोजणारे उपग्रह. समुद्राचें पृष्ठ हीच जवळजवळ समपातळी असल्यामुळें तेथें ती सरळ 'दिसते'. भारत आणि फ्रान्स यांनीं २०१३ सालीं श्रीहरिकोट्याहून सोडलेला 'सरल' हा त्याच जातीचा. हिमालयाला त्याचा उपयोग थोडा, कोंकणकिनाऱ्याला पुष्कळ. आणि पांचवा साक्षीदार म्हणजे प्रत्यक्ष डोंगरांचा आकार. डोंगर दिसतो, त्याच्या दगडाचें वजन साधारणपणें ठाऊक आहे. मग त्याचें आकर्षण हिशेबानेंच काढतां येतें. प्रॅट यांनीं जें महिनोन्महिने घासून केलें तें आतां संगणक क्षणांत करतो.

आतां साक्षी जुळविण्याचें तंत्र. एकत्र कुटुंबांत हिशेब ठेवणाऱ्यांस हें पटकन् कळेल. घरचा मासिक खर्च किती हें ठरवावयाचें असेल, तर लग्नकार्याचा आणि घर शाकारण्याचा खर्च आपण आधीं बाजूस काढतों. उरलेला खर्च महिन्या-महिन्याला फारसा हालत नाहीं. एखाद्या महिन्याची नोंद राहिली असली तरी मागच्या-पुढच्यावरून ती भरतां येते. मग शेवटीं वर्षाची बेरीज करतांना काढलेला खर्च पुन्हां धरतों. तसेंच येथें. जमिनीवरच्या व विमानांतल्या मापांतून प्रथम उपग्रहानें सांगितलेला मोठा भाग वजा करावयाचा. मग डोंगरांच्या आकारावरून निघणारा बारीक भाग वजा करावयाचा. उरतें तें लहान, सौम्य, फारसे चढउतार नसलेलें. जेथें मापें नाहींत तेथें या उरलेल्याचा अंदाज सुखानें करतां येतो. त्यावरून समपातळी काढून, वजा केलेले दोन्ही भाग तिच्यांत परत मिळवावयाचे.

अंदाज करतांना दोन नियम पाळतात. पहिला नियम, ज्याची चूक कमी त्याचा मान अधिक. एका तराजूची चूक एक तोळा आणि दुसऱ्याची तीन तोळे असेल, तर पहिल्याला नऊ मतें आणि दुसऱ्याला एक मत द्यावें. पहिला १०० म्हणतो, दुसरा १०४; सरासरी १०२ नव्हे, तर १००.४. दुसरा नियम, शेजाऱ्याचें ऐकावें, पण शेजार कोठवर पोंचतो हें ओळखून. पठारावरील दोन गांवांत पाऊस झाला असेल तर मधल्या गांवांतहि झाला असेल असें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु महाबळेश्वरच्या पावसावरून वाईचा पाऊस सांगूं जाल तर फसाल. कोणत्या प्रदेशांत किती अंतरापर्यंत एकाची खूण दुसऱ्याला लागू पडते, हें त्या मापांवरूनच शिकून मग रिकाम्या जागा भरतात. डेन्मार्कचे टॉर्बेन क्रारुप आणि ऑस्ट्रियाचे हेल्मुट मोरित्झ यांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या रीतीला पक्कें गणिती रूप दिलें. निरनिराळ्या जातींचीं मापें, म्हणजे ओळंब्याचा कल, लंबकाचें आकर्षण, उपग्रहाची उंची, एकाच पंगतीला बसविण्याची सोय तिच्यामुळें झाली.

एक सावधगिरी मात्र मला फार आवडली. २००८ सालीं सबंध पृथ्वीचा एक अत्यंत तपशीलवार आकर्षण-नकाशा अमेरिकेंत तयार झाला. त्यांत सुमारें नऊ किलोमीटरांपर्यंतचा तपशील आहे. पण तो करतांना उपग्रहांबरोबर जगभरचीं जमिनीवरचीं मापेंहि वापरलेलीं. आतां एखाद्यानें तो नकाशा एक साक्षीदार म्हणून घेतला, आणि आपल्या देशाचीं तींच मापें दुसरा साक्षीदार म्हणून घेतलीं, तर काय होईल? एकच माणूस पागोटें बदलून दोनदां साक्ष देऊन जाईल, आणि न्यायाधीश म्हणेल, वाहवा, दोघांचें एकमत आहे! अशा वेळीं केवळ उपग्रहांवरून केलेले नकाशे आधाराला घेणें शहाणपणाचें ठरतें. वर्तमानपत्रांतील बातम्यांनाहि ही कसोटी लावून पाहावी.

आतां शिखराकडे. १८४९-५० सालीं बिहारच्या मैदानांतून, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून, मोजणी खात्यानें त्याचे कोन घेतले. राधानाथ शिकदार हे बंगाली गणिती त्या खात्याचे मुख्य गणक होते. १८५६ सालीं २९,००२ फूट ही उंची प्रसिद्ध झाली. डोंगराखालची समपातळी कशी वांकते हें त्या वेळीं कळण्यास साधन नव्हतें. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते ५४ या काळांत भारतीय सर्वेक्षण खात्याच्या बी. एल. गुलाटी यांनीं जवळच्या ठाण्यांवरून नवे वेध घेऊन, आणि ओळंब्याच्या कलांवरून समपातळी काढून, २९,०२८ फूट ठरविलें. तेंच आपलें पाठ झालेलें ८८४८ मीटर. आजचे उपग्रह नसतांना हें गणित जमलें, याचें मला अधिक कौतुक वाटतें.

नेपाळची तुकडी खिमलाल गौतम यांच्या नेतृत्वाखालीं २२ मे २०१९ रोजीं, अंधारांतच, शिखरावर पोंचली, आणि उपग्रहयंत्र लावून बसली. हिमदंशानें गौतम यांच्या पायाच्या अंगठ्याला कायमची इजा झाली. चीनची तुकडी २७ मे २०२० रोजीं उत्तरेकडून चढली, अडीच तास वर राहिली, बर्फाची जाडी रडारनें मोजली, आणि आकर्षणमापक यंत्र प्रथमच शिखरावर ठेवलें. बसेव्हीला जें माप घेतांना मरण आलें त्याच जातीचें माप हें, दीडशें वर्षांनंतरचें. नेपाळनें दक्षिणेकडून तराईपासून पाणसळीनें उंची वर आणली होती, जमिनीवर आणि विमानांतून आकर्षण मोजलें होतें. चीननें उत्तरेकडून तसेंच केलें. दोघांच्या मापांवरून एकच समपातळी धरली गेली, आणि दोन देशांचें एक उत्तर आलें. तत्पूर्वीं २००५ सालीं चीननें ८८४४.४३ मीटर सांगितलें होतें, त्यावरून नेपाळांत बराच रुसवा झाला होता. पण तो तंटा समपातळीचा नव्हता. चीन खडकाचा माथा मोजीत होता, नेपाळ बर्फासकट. माणसाची उंची पागोट्यासकट सांगावी कीं नुसती, एवढाच वाद! २०२० चा आंकडा बर्फासकटचा आहे.

गेल्या दिवाळींत मी मुद्दाम त्या विद्यार्थ्याचा पत्ता काढून त्याच्याकडे गेलों. तो आतां बापाच्याच धंद्यांत मोठा ठेकेदार झाला आहे. एका गांवच्या पाण्याच्या टाकीचें काम चालू होतें. मीं त्याला ती जुनी गोष्ट सांगितली. त्याला ती आठवत नव्हती. "गुरुजी, उभें तर मला पुष्कळांनीं केलें," एवढेंच तो हंसत म्हणाला. मग मीं तासभर त्याला हें सगळें सांगितलें, आणि त्यानें तें वाळूच्या ढिगाशेजारीं उभें राहूनच ऐकलें. शेवटीं त्यानें विचारलें, "मग आमच्या या टाकीची उंची कागदावर लिहितात ती कोणत्या समुद्रापासून?" या वेळीं उत्तर माझ्याजवळ होतें. आपल्या देशाच्या उंचीचा जुना आधार १९०९ सालचा. कराचीपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत नऊ बंदरांतील समुद्राची सरासरी पातळी शून्य धरून तो बांधला. मुंबई आणि कारवार हीं त्या नवांपैकींच.

"नऊ समुद्र?" तो म्हणाला. "नऊ ठिकाणचें पाणी एका ओळींत असतें कां, गुरुजी?"

नसतें. प्रवाह, उष्णता आणि खारटपणा यांमुळें सरासरी समुद्रहि समपातळीपासून कोठें हातभर वर, कोठें हातभर खालीं असतो. १९०९ सालीं तो सगळा फरक शून्य मानला गेला. तें मीं त्याला सांगितलें, तेव्हां त्यानें खिशांतली पेन्सिल काढून टाकीच्या नकाशाच्या कोपऱ्यांत '१९०९' असें लिहून ठेवलें.